तो जसं बोलला तसंच सांग

२०१६ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत मी पहिलीच्या वर्गावर मदतनीस होते. इथे 'पॅरा' म्हणतात. वर्गात एक सहा वर्षांचा मराठी मुलगा होता. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.) दिवसभरात पाच-सहा शब्द बोलायचा, तेही कुणी फारच मागे लागलं तर. शाळेच्या स्पीच थेरपिस्टना त्याची भाषा तपासायची होती. मूल घरी जी भाषा बोलतं त्या भाषेत तपासणी व्हावी असं इथला विशेष शिक्षणाचा कायदाच सांगतो. मराठी दुभाषी काही वेळेत मिळेना, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी खुशीत हो म्हणाले. सांगलीत नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, मराठीतून इंग्रजीत सांगणं मला काय अवघड?

टेबलावर एक पुस्तक होतं, नुसत्या चित्रांचं, शब्द एकही नाही. चित्रं बघत मुलाने गोष्ट सांगायची, मी ती इंग्रजीत सांगायची, त्या लिहून घेणार.

मुलाने पान उलटलं. म्हणाला, "मुलगा कुत्रा घेतला. आई आला. आई ओरडला."

मी इंग्रजीत सांगितलं: मुलाने कुत्र्याला उचलून घेतलं, मग त्याची आई आली आणि ती त्याला रागावली.

त्यांचं पेन थांबलं. "एवढं म्हणाला तो? मला तर तीन छोटी वाक्यं ऐकू आली."

"अर्थ तोच आहे," मी म्हणाले.

"अर्थ मला चित्रात दिसतोय. तो जसं बोलला तसंच सांग."

त्या अजिबात रागावल्या नव्हत्या, शांतपणे म्हणाल्या. पण मला चांगलंच लागलं. मी 'मग' घातला होता, 'त्याची' घातलं होतं, 'ती' आणि 'त्याला' घातलं होतं. मुलाच्या तोंडातून निघालेलं वाक्य माझ्यातल्या इंग्रजीच्या बाईंनी वाटेतच दुरुस्त करून टाकलं होतं. आणि नेमकी जी दुरुस्त केली ती जागा त्यांना बघायची होती.

मग आम्ही एकेक शब्द घेऊन बसलो. मी सांगितलं, मराठीत 'मुलाने' म्हणायला हवं, त्याचा 'ने' गेलाय. आई स्त्रीलिंगी, म्हणून 'आली' हवं, तो 'आला' म्हणतोय. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे सहा वर्षांची मुलं असं बोलतात का? की एखाद्या भागात बोलायची पद्धतच तशी आहे?"

दुसऱ्या प्रश्नावर मी थबकले. माझी आई कोल्हापूरची. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात. आई अजून फोन ठेवताना "बरं, ठेवतो गं" म्हणते. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची, मैत्रिणी घरी आल्या की तिने बोलूच नये असं वाटायचं. पण ते चुकीचं मराठी नाही. तिथल्या बोलीचा तो नियम आहे आणि माझी आई तो एकदाही मोडत नाही. 'आई आला' मात्र कोल्हापुरातही कुणी म्हणत नाही, सांगलीत नाही, नागपुरातही नाही.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी अर्धं पान भरून लिहून घेतलं. माझ्या आईच्या बोलीला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी एवढ्या आदराने कागदावर उतरवून घेत होतं.

पुढच्या काही आठवड्यांत त्या मुलाची श्रवणचाचणी झाली, आई-वडिलांशी बोलणं झालं, वर्गात आणि खेळाच्या तासाला त्याला पाहणं झालं. घरी आजी होती, त्यामुळे मराठी जन्मापासून कानावर होती. आजी म्हणाली, "घरीसुद्धा असंच बोलतो. आम्हाला वाटलं अमेरिकेत वाढतोय म्हणून असेल." इंग्रजी नवी म्हणून अडणारं मूल आपल्या घरच्या भाषेत अडत नाही. हा दोन्हींकडे अडत होता. त्याला भाषाविकासाचीच अडचण होती. इंग्रजीत आता त्याला 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' म्हणतात, थोडक्यात डीएलडी. कान चांगले, बुद्धी चांगली, प्रेमाचं घर, आणि तरी भाषेची जुळणी मुलाला आपोआप जमत नाही. साधारण चौदा मुलांमागे एकाला ही अडचण असते.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. सांगलीत माझ्या वर्गात साठाच्या वर मुलं असायची. म्हणजे प्रत्येक वर्गात चार. नऊ वर्षं, वर्षाला तीन-तीन वर्ग. गुणाकार मी केला, इथे लिहीत नाही.

नववी ब मधला एक मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही. निबंधात क्रियापदं गायब, 'हिज'च्या जागी 'ही', आणि 'ही गो, शी गो, दे गो' सगळं एकसारखं. मी 'ही गोज' पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं. त्याने आणलं, सुंदर अक्षरात, पन्नास वेळा. दुसऱ्या दिवशीच्या वहीत पुन्हा 'ही गो'. स्टाफरूममध्ये मराठीचे सर म्हणाले होते, "त्याचं मराठीही तसंच आहे हो मॅडम, वाक्यच पुरं करत नाही." आम्ही दोघांनी निष्कर्ष काढला की मुलाचं लक्ष नाही. खरं तर उत्तर आमच्या हातात होतं. दोन्ही भाषांत तेच होतंय, हे दोन शिक्षक एकमेकांना सांगत होते आणि तरी आम्हाला ते ऐकू आलं नाही. तो मुलगा दहावीला इंग्रजीत नापास झाला. पुढे काय करतो, मला माहीत नाही.

मी स्पीच थेरपिस्ट का झाले असं लोक विचारतात तेव्हा मी त्या मराठी मुलाची गोष्ट सांगते. खरं कारण नववी ब आहे.

आता वाटचालीबद्दल, कारण मेलमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात.

मी २०१० मध्ये एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आले. काम करायची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये एच-फोरवरच्या काही जणांना ती मिळू लागली, त्यात माझा नंबर लागला आणि शाळेतली नोकरी मिळाली. अमेरिकेत या पेशासाठी मास्टर्स लागते, पण पदवी कुठल्याही विषयाची चालते, फक्त राहिलेले पायाचे विषय आधी पूर्ण करायचे. माझं इंग्रजीतलं बी.ए., एम.ए. होतं. दहावीनंतर आर्ट्सला गेलेली मी, विज्ञानाचं पुस्तक पुन्हा उघडलं ते चाळिशीच्या उंबरठ्यावर. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, मग स्वरयंत्र आणि कानाची रचना, मुलांचा भाषाविकास, ध्वनिशास्त्र. दिवसा शाळा आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेज, अशी दोन वर्षं. गुणपत्रिकांसाठी भाऊ सांगलीहून कोल्हापूरला विद्यापीठात तीन वेळा जाऊन आला. नवऱ्याने रात्रीचा स्वयंपाक अंगावर घेतला आणि तो आजतागायत त्याच्याकडेच आहे.

२०१९ मध्ये मास्टर्स सुरू झालं. त्यात वर्गातल्या शिक्षणाइतकंच महत्त्व प्रत्यक्ष कामाला. एकूण चारशे तास भरावे लागतात, पंचवीस नुसते निरीक्षणाचे आणि उरलेले पावणेचारशे स्वतः रुग्णाबरोबर. मग या पेशाची प्रॅक्सिस नावाची परीक्षा, आणि पदवीनंतर कमीत कमी छत्तीस आठवड्यांची फेलोशिप, अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली. माझ्या दुसऱ्याच सत्रात कोविड आला. ओठ आणि जीभ दाखवून शिकवायचं काम, आणि समोर पडदा नाहीतर मास्क.

ध्वनिशास्त्राच्या वर्गाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय.

पहिल्या दिवशी बाईंनी व्यंजनांचा तक्ता फळ्यावर लावला. डावीकडे ओठांचे आवाज, मग दातांचे, टाळूचे, आणि उजवीकडे सरकत सरकत घशाचे. वर्गातल्या मुली तो पाठ कसा करायचा या काळजीत होत्या. मी बघतच राहिले. बालवाडीत ओळीत उभं राहून घोकलेली आमची वर्णमालाच होती ती, फक्त उलट्या बाजूने निघालेली. क वर्ग कंठातून, च वर्ग टाळूला, ट वर्ग मूर्ध्याला, त वर्ग दाताला, प वर्ग ओठाला. जीभ मागून पुढे येत येत बाहेर पडते. इतकी वर्षं ही अक्षरं मी लिहीत आणि वाचत होते. ती तोंडातल्या जागा आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मग बाईंनी एक कागदाची पट्टी ओठांसमोर धरली. 'पिन' म्हणाल्या, पट्टी उडाली. 'स्पिन' म्हणाल्या, पट्टी जागच्या जागी. वर्गाला दोन्ही 'प' सारखेच वाटत होते. मला मात्र फरक कानाला स्वच्छ कळत होता, कारण मराठी कानाला प आणि फ, क आणि ख ही वेगळी अक्षरं आहेत. 'पिन'मधल्या प ला ह चिकटलाय, 'स्पिन'मधला आपला साधा प. ध्वनिलेखनाच्या त्या चाचणीत मला पैकीच्या पैकी मिळाले. परक्या देशात नऊ वर्षं माझ्या मराठीपणाचा मला अडथळाच वाटत आला होता. त्या दिवशी तो कामाला आला.

अडथळेही होते, नाही कसे. आपला व अर्धा ओठांवर, अर्धा दातांवर, त्यामुळे 'वाइन' आणि 'व्हाइन' माझ्या तोंडून एकच निघायचे. सांगलीत माझ्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलांना मी ते एकच शिकवले आहेत. आणि अमेरिकन र! आपला र म्हणजे जिभेच्या टोकाची एक टिचकी. त्यांच्या र मध्ये टोक कुठेच टेकत नाही. जीभ मागे ओढून गोळा करायची, कडा वरच्या दाढांना लावायच्या आणि तशीच तोलून धरायची. मला आधी भीती होती की माझे उच्चार भारतीय, मला हे काम देतील का. माझ्या पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, उच्चार तुझे आहेत, ते बदलायची गरज नाही. मुलाला जो आवाज शिकवायचाय तो तुला करून दाखवता आला पाहिजे, एवढंच. मग मी 'गर्ल' आणि 'वर्ल्ड' हे दोन शब्द चार महिने गाडी चालवताना म्हणत राहिले.

त्याचा उपयोग पहिल्यांदा झाला तो एका नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलासाठी. तो 'रॅबिट'ला 'वॅबिट' म्हणायचा. आरसा, चित्रं, सगळं करून झालं होतं. एके दिवशी मला वाटलं, आपण ल वरून ळ वर जातो तेव्हा जीभ टाळूवरून मागेच घसरते की. मी त्याला लांब ल म्हणायला लावलं आणि ल म्हणत म्हणतच जिभेचं टोक टाळूवरून हळूहळू मागे न्यायला सांगितलं, वरच्या दातांमागच्या टेकडीवरून आत उतरल्यासारखं. तिसऱ्या खेपेला टोक सुटलं आणि तिथे र उभा होता. जाडा, गुरगुरणारा, पक्का अमेरिकन र. मुलाने दचकून आरशात स्वतःकडे पाहिलं. मागाहून कळलं की ल वरून र काढायची ही युक्ती इथल्या पुस्तकांतही आहे. मला ती ळ ने दिली.

आणखी एक तास मला विसरता येणार नाही, आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीचा. त्या बोलीत तृतीयपुरुषी क्रियापदाचा 'एस' येत नाही. 'ही गो' हे तिथे नियमाला धरून आहे. थेरपिस्टने त्याला दोष ठरवलं तर ती थेरपिस्टची चूक. फळ्यावर ते दोन शब्द होते, 'ही गो'. हेच दोन शब्द एका मुलाच्या तोंडी बोली असतात, दुसऱ्याच्या तोंडी नव्याने शिकत असलेल्या भाषेतला टप्पा, आणि तिसऱ्याच्या तोंडी मदतीची हाक. तिन्हींवर मी नऊ वर्षं एकच लाल रेघ मारली होती.

या पेशात अर्धं काम बोलण्याचं नसतंच, हे मला आधी ठाऊक नव्हतं. गिळणंही याच लोकांच्या अखत्यारीत येतं. २०२१ च्या सुरुवातीला मी प्रौढांच्या एका बाह्यरुग्ण केंद्रात शिकत होते. तिथे पक्षाघातानंतरचे एक मराठी आजोबा आले. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता, म्हणून पाणीही दाट करून द्यावं लागे, आणि ते त्याला तोंड लावत नव्हते. मुलीने घरून वरण आणलं, गाळलेलं. दाटपणा मोजायची एक सोपी चाचणी आहे. दहा मिलिलीटरच्या सिरिंजचं खालचं टोक बोटाने बंद करून तिच्यात पदार्थ भरायचा, बोट काढायचं, दहा सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरतं ते बघायचं. वरण सहा मिलिलीटर उरलं. म्हणजे दुसरी पातळी, त्यांना चालणारी नेमकी तीच. त्या दिवशी ते वाटीभर जेवले, हिंगाचा वास सगळ्या खोलीत होता.

त्याच आजोबांना चमचा दाखवला तर शब्द येत नव्हता. कळत होतं, हाताने खाण्याची खूण करायचे, ओठ हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मी एकदा सहज सुरू केलं, "बे एके बे..." आणि त्यांनी पुढचं उचललं, बे दुणे चार, बे त्रिक सहा, थेट बे दाहे वीस पर्यंत, खणखणीत. मुलगी रडायला लागली. तिला सांगावं लागलं की भाषा परत आली असा याचा अर्थ नाही. घोकून मुरलेलं बोलणं वेगळ्या वाटेने बाहेर येतं, शब्द शोधून बोलण्याची वाट अजून बंद आहे. पण आवाज लागला होता, तिथून सुरुवात करता येत होती. मे महिन्यापर्यंत चमचा, पाणी आणि मुलीचं नाव आलं.

आता मी प्राथमिक शाळेत आहे. पन्नासेक मुलं माझ्याकडे येतात. दरवर्षी दोन-तीन तरी मराठी, गुजराती, तेलुगू घरं मला एकच गोष्ट सांगतात: मूल उशिरा बोलायला लागलं म्हणून कुणीतरी सल्ला दिला की घरी फक्त इंग्रजी बोला. कधी डॉक्टरांनी, कधी शेजारणीने, कधी शाळेतल्याच कुणी. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांमुळे भाषेची अडचण निर्माण होत नाही आणि असलेली वाढत नाही. एक भाषा काढून घेतली म्हणून दुसरी सुधारतही नाही. जाते ती आजी. ज्या बाईला गोष्टी येतात, वेळ आहे, मांडी आहे, तिला आपण सांगतो की तू या मुलाशी बोलू नकोस, किंवा तुला धड येत नसलेल्या भाषेत बोल. मी हे बैठकीत शांतपणे सांगते, पण आतून शांत नसते. कृपा करून मराठी थांबवू नका.

महाराष्ट्रातल्या शिक्षकमैत्रिणी विचारतात, आम्हाला करता येईल का? तुमच्याकडची वाट वेगळी आहे. बीएएसएलपी हा श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. त्याला बारावी सायन्स लागते, वयाची अटही बघून घ्या. मास्टर्सला आधी बीएएसएलपीच लागते, त्यामुळे इंग्रजीच्या एम.ए.वर थेट जाता येत नाही. काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. १९८३ मध्ये स्थापन झालेली वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे शिकवते, आधी तिथे चौकशी करा. आणि आर्ट्सवाल्यांनी विशेष शिक्षणातल्या बी.एड.चे सध्याचे नियम पाहावेत, तुमचा वर्गातला अनुभव तिथे वाया जाणार नाही.

मागच्या डिसेंबरात सांगलीला गेले होते. माझ्या जागी आलेल्या इंग्रजीच्या मॅडमनी घरी जेवायला बोलावलं. जेवणानंतर त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेतला, सकाळी तपासून द्यायच्या होत्या. एक वही माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "ही बघा ना, किती वेळा सांगितलं तरी तेच." आणि टोपण काढून लाल पेन टेकवलं.

मी म्हणाले, "मॅडम, एक मिनिट. खूण करायच्या आधी मला याचा फोटो काढू द्याल? नाव झाकून. आणि मराठीच्या सरांना विचाराल, याची मराठीची वही कशी आहे?"

त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि वही उजेडात सरकवली. आता दर शनिवारी त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो येतात, एक इंग्रजीच्या पानाचा, एक मराठीच्या. लाल खूण कुठेच नसते.